कोठीला दार नव्हतं

जुरोंग ईस्ट, सिंगापूर
४ जानेवारी २०२६

सविताताई,

पत्राच्या सुरुवातीला साष्टांग नमस्कार लिहायची आपल्याकडे रीत आहे. पण तुम्ही मला व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलंत, माझे फोन घेत नाही, त्यामुळे साष्टांग घालायला हात वळत नाही. नुसता नमस्कार घ्या.

पोस्टात पत्र टाकून मला पंधरा-वीस वर्षं झाली असतील. पण दुसरी वाटच ठेवली नाहीत तुम्ही. आणि विषय काय, तर एक कथा! दिवाळी अंकातली आठ पानांची कथा!

अहो, कथा ही कथा असते. तुम्ही एवढ्या वाचनालयात जाणाऱ्या, पेटीभर अंक घरी आणणाऱ्या बाई. तुम्हाला मी हे सांगायचं? कथेत 'मी' लिहिलं म्हणजे ते कुणा खऱ्या माणसाचंच असतं का? माझ्या कथेतली बाई आपल्या गावात राहते, दहा मिनिटांवर तिची आई एकटी राहते, हे जुळतं, मान्य. अशा बायका रत्नागिरीत शंभर सापडतील. ती ओढणी कमरेला गाठ मारून काम करते, बोलताना कानातली कुडी चाचपते, दर दोन वाक्यांनी "असू दे गो" म्हणते, हेही तुमच्यासारखं आहे, मान्य. लेखकाला माणसं कुठून तरी उचलावी लागतात. मी बावीस वर्षं तुमच्या घरची सून आहे. मग काय चिनी शेजारणीच्या कानात कुडी घालू?

त्या बाईला आईचा फोन येतो, ती उचलत नाही, आई पडलेली असते, हे मी रचलं. रचलं म्हणजे रचलं. आई खरोखर मोरीत पडल्या त्या दिवशी तुम्ही गार्गीचं सामान ठेवून कोल्हापूरहून एसटीनं परत येत होतात, आंबा घाटात रेंज नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्या भावाला, पद्माकरलाही ठाऊक आहे. त्यानं बोटीवरून तुम्हाला फोन करून जाब विचारला ती त्याची चूक. मी त्याला स्पष्ट सांगितलंय की ही कथा आहे.

तो ३१ तारखेला बोटीवरून उतरतोय. लेकीचं लग्न ८ फेब्रुवारीला. तोवर राग उतरेल. गार्गीला एकुलता एक मामा आहे. मामाशिवाय मुलीला मांडवात कोण आणणार? तो येणारच. तुम्ही उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका.

उल्का


१४ जानेवारी २०२६

सविताताई,

तिळगूळ घ्या म्हणवत नाही, गोड बोला तर त्याहून म्हणवत नाही. तुमचं उत्तर नाही. पत्र पोचलं असेल की नाही देव जाणे, पण तुमच्या निशिकांतरावांनी गार्गीकरवी आमच्या किमयाला कळवलंय की "मामीचं पाकीट आलं, आईनं उघडून वाचलं, पुन्हा घडी करून ठेवलं." म्हणजे पोचलं.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं होतं. खरं तर सांगायचं टाळलं होतं.

पद्माकरचा काल बोटीवरून फोन आला. म्हणाला, "मी रत्नागिरीला जाणार नाही. लग्नाला कुणी विचारलं तर सांग, बोटीवरून सुटका झाली नाही." मी म्हटलं, अरे, भाचीचं लग्न आहे, मामा नको का? तर म्हणाला, "ज्या बाईनं माझ्या आईला मोरीत पडू दिलं, तिच्या मांडवात मी उभा राहणार नाही. गावात ढीगभर चुलतमामा आहेत, त्यांतला एखादा उभा करा."

मी कपाळावर हात मारला. हा माणूस इंजिनरूममध्ये पन्नास अंश उष्म्यात डोकं थंड ठेवतो आणि आठ पानं वाचून सख्ख्या बहिणीशी नातं तोडतो!

तुमच्याशी काय बोलणं झालं तेही त्यानं सांगितलं. त्यानं विचारलं, "तू खरंच घाटात होतीस, की घरी?" आणि तुम्ही म्हणालात, "कथा वाचून विचारतोयस का, पद्मा? मग कथेलाच विचार." एवढं बोलून फोन ठेवलात.

असं का बोललात हो? एसटीचं तिकीट दाखवायचं, कंडक्टरची साक्ष काढायची, चार शिव्या हासडायच्या. तुम्ही गप्प बसलात की समोरच्याला वाटतं यांचं काहीतरी चुकलंय. हा तुमचा जुना रोग आहे. माझ्या लग्नात वरणात मीठ जास्त पडलं ते आईंच्या शेजारच्या जयवंतीकाकूंनी टाकलं होतं, आणि बोलणी तुम्ही खाल्लीत. "असू दे गो." या वेळी असू देऊ नका. भांडा त्याच्याशी. माझ्याशी भांडा!

मी प्रयत्न करतेय. पण बोटीवरचा फोन म्हणजे दोन मिनिटं खरखर आणि एक मिनिट माणूस. समोर बसल्याशिवाय हे होणार नाही.

उल्का


२४ जानेवारी २०२६

सविताताई,

हे पत्र पोस्टात टाकीन की नाही ठाऊक नाही. पण लिहिलं नाही तर मी फुटेन.

किमयाला शाळेत लिटरेचर आहे. इथल्या सेकंडरीच्या चौथीत आहे ती, म्हणजे आपल्या दहावीसारखं, वर्षाअखेरीला परीक्षा. त्यांच्या टीचरनी सुट्टीत काम दिलं होतं की आपल्या घरच्या भाषेतली एखादी कथा वाचा आणि तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. कथा कोण सांगतंय? सांगताना त्या माणसाची नजर कुठे कुठे जाते? तो काय सांगत नाही? पोरीनं माझी कथा उचलली. मला मेलीला आनंद झाला. किमया मराठी वाचते म्हणजे एकेक अक्षर लावत वाचते, बाराखडी विसरली की गूगलला विचारते. तीन दिवस लागले तिला आठ पानांना. जेवणाच्या टेबलावर बसून मोठ्यानं वाचत होती, मी आपली कौतुकानं पोळ्या लाटत होते.

पाचव्या पानावर ती थांबली. तिथे काय आहे ते तुम्हाला आठवत असेल. फोन वाजतो, त्यावर 'आई' लिहून येतं, ती बाई फोन कोठीत तांदळाच्या डब्यावर ठेवते आणि 'कोठीचं जाड लोखंडी दार दोन्ही हातांनी ओढून घेते, तसा आवाज बंद होतो.'

किमया म्हणाली, "आई, सविताआत्याच्या घरी कोठीला दार कुठेय? तिथे कर्टन आहे ना, आजीच्या साडीचा."

मी म्हटलं, कथेत असतं गं असं.

"नो, लिसन. धिस लेडी सगळीकडे फक्त भिंत, चूल, खिडकी बघते. नॉर्मल रत्नागिरी स्टफ. पण हे दार ती किती नीट बघते. टू हँड्स लागतात, रबर लागलंय, बंद केलं की आवाज जातो. दॅट्स आवर डोअर, लाह. आपला बॉम्ब शेल्टर."

तुम्ही इथे आला होतात तेव्हा पोरीच्या या सिंगापुरी 'लाह'ला आणि त्या दाराला हसला होतात. इथल्या नव्या घरांत बॉम्ब पडला तर लपायला एक जाड भिंतींची खोली बांधूनच देतात, आणि आम्ही सगळे तिच्यात तांदूळ, रिकाम्या बॅगा आणि गणपतीची आरास भरून ठेवतो. तुम्ही म्हणाला होतात, "एवढ्या दारामागे तांदूळ! चोर काय भात करून खाणार आहे?"

पोळी करपली. किमया माझ्याकडे बघत होती. मग तिनं इंग्रजीत विचारलं, अगदी हळू, की आजी पडली त्या दिवशी तुझ्याकडे मंडळाच्या बायका आल्या होत्या ना? मी तेव्हा ट्यूशनला गेले होते ना?

मी तिला ओरडले. म्हटलं, नाक खुपसू नकोस, उठ, अभ्यास कर. ती उठून गेली. तिनं वहीत तिसऱ्या प्रश्नाखाली काहीच लिहिलं नाही. जागा तशीच कोरी सोडली.

सविताताई, आता ऐका.

२०२४ च्या १४ डिसेंबरचा शनिवार होता, दुपार होती. मंडळाच्या पाच जणी आमच्या घरी आल्या होत्या. संक्रांतीच्या कार्यक्रमात कुणी कथा वाचायची ते ठरवायला. त्यांनी मला वाचायला सांगितलं. इथे माझी ओळख काय? बोटीवाल्याची बायको. बावीस वर्षांत पहिल्यांदा पाच माणसं चहा थंड करून माझं लिहिलेलं ऐकत होती. आणि फोन वाजला. 'आई (रत्नागिरी)'.

आई रोज फोन करायच्या. तुम्हाला सांगायला नको. रोज तेच. सुपारी संपली, कामवाली आली नाही, पद्माची बोट कुठे आहे. मला वाटलं, तेच असणार. मी कट केला. पुन्हा वाजला. अनघा म्हणाली, "घे ना, काहीतरी अर्जंट असेल." मी म्हटलं, "सासूबाईंचं अर्जंट म्हणजे सुपारी." सगळ्या हसल्या. मीही हसले. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी उठले, फोन शेल्टरमध्ये तांदळाच्या डब्यावर ठेवला आणि ते दार दोन्ही हातांनी ओढून घेतलं.

बायका साडेसहाला गेल्या. मी दार उघडलं. चार मिस्ड कॉल होते. जयवंतीकाकूंचा नंबर माझ्या फ्रिजवर चिकटवलेला आहे, आईंनीच लिहून दिला होता, "मी उचलला नाही तर हिला कर." मी केला नाही. म्हटलं, उद्या सकाळी निवांत करू. तुमच्याकडे तेव्हा चार वाजले होते. जयवंतीकाकू निवगऱ्यांची वाटी द्यायला सहाला गेल्या, तेव्हा त्यांना आई मोरीत सापडल्या. ते दोन तास माझे आहेत. आधीचेही माझेच आहेत.

हे मी कुणाला सांगितलं नाही. मग आतल्या आत सडायला लागलं, म्हणून लिहायला बसले. 'मी' असं लिहिलं की हात थांबायचा. 'ती' लिहिलं की वाचताना त्या बाईला चपलेनं मारावंसं वाटायचं. मग एके दिवशी तुमची ओढणी, तुमची कुडी, तुमचं 'असू दे गो' त्या 'मी'ला घातलं आणि काय सांगू, भराभर आठ पानं झाली! कारण तुम्ही चांगल्या आहात. तुमच्यासारख्या बाईच्या हातून झालं तर वाचणारा माफ करतो. वाचकांची पत्रं आली मला. "त्या लेकीला जवळ घ्यावंसं वाटलं." तुमची साडी नेसून मी माफी मागायला गेले, आणि मला ती मिळालीसुद्धा.

संपादकांनी लिहिलं, व्यक्तिरेखा जिवंत आहे.

आणि पद्माकर. त्याला अंकाची पानं मीच पाठवली. कौतुक व्हावं म्हणून. त्यानं विचारलं, "हे खरं आहे?" मी तुम्हाला पहिल्या पत्रात लिहिलं की मी स्पष्ट सांगितलं. खोटं आहे ते. मी म्हटलं होतं, "आता सगळंच कसं सांगू रे." एवढंच म्हटलं. एवढं पुरलं.


२५ जानेवारी

कालच्याच पत्राला जोडतेय.

आज किमयानं मला आणखी एक सांगितलं. रागावलेली आहे, पण सांगितलं. तेराव्याला आपण सगळे रत्नागिरीत होतो तेव्हा तिनं आजीचे फोटो बघायला आजीचा मोबाईल घेतला होता. तुम्ही तो तिच्या हातातून काढून घेतलात आणि म्हणालात, "बॅटरी बिघडलीय गो त्याची, असू दे." आणि कपाटात ठेवलात. मी तिथेच दारात उभी होते. मला सुटल्यासारखं वाटलं होतं, हे मला आज आठवलं.

गार्गीनं किमयाला सांगितलंय की आई अजून आजीचा नंबर दर महिन्याला रिचार्ज करते.

म्हणजे बॅटरी बिघडलेली नव्हती. म्हणजे तुम्ही बघितलं होतं. एक कॉल तुम्हाला, एक पद्माकरला, चार मला. तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

तेरा महिने! तेरा महिने तुम्ही माझ्याशी नीट बोललात, माझ्या वाढदिवसाला फोन केलात, फणसाची साटं पाठवलीत. आणि मी तुमच्याच तोंडून माझं पाप छापून आणलं. तुम्ही अंक वाचलात तेव्हा तुम्हाला ते दार ओळखू आलं असणार. भावानं जाब विचारला तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. "बायकोला विचार." तेही बोलला नाहीत.

मला तुमचा राग येतोय, खरं सांगते. कुणी सांगितलं होतं एवढं मोठेपण करायला? माझा संसार वाचवायला तुम्ही गार्गीचा मामा घालवून बसलात! मी नाही मागितलं हो! मागायची माझी लायकीच नव्हती, आणि तुम्ही न मागता दिलंत, आणि मला ते कळलंसुद्धा नाही. रडू येतंय आणि ते थांबत नाही.

पद्माकर सहा दिवसांनी येतोय. मला भीती वाटते. इतकी भीती मला आयुष्यात कशाची वाटली नाही.


१ फेब्रुवारी २०२६

सविताताई,

काल दुपारी तो आला. आंघोळ झाली, जेवला, मासे छान झालेत म्हणाला. किमया ताटावरून माझ्याकडे बघत होती. तिचा घास तोंडातच होता. मला कळलं की मी बोलले नाही तर ती बोलेल, आणि मग जन्मभर ती मला तोंड दाखवणार नाही.

मी म्हटलं, "किमया, तू आत जा." ती म्हणाली, "नो. आय'म स्टेइंग." राहिली.

मी अंक आणून त्याच्यापुढे ठेवला. पाचवं पान काढलं. तो म्हणाला, "पुन्हा तेच नको. वाचलंय मी."

"एकदाच वाच. आणि मला सांग, ताईंच्या कोठीला दार आहे का?"

"दार? कसलं दार? पडदा आहे. आईच्या हिरव्या लुगड्याचा. मीच नाही का खिळे मारून दिले." एवढं बोलला आणि थांबला.

त्यानं पान पुन्हा वाचलं. बोट ओळीखाली फिरवत, किमयासारखं. मग उठला. स्वयंपाकघरात गेला. शेल्टरचं दार दोन्ही हातांनी ओढलं, बंद केलं, उघडलं, पुन्हा बंद केलं. इंजिनाचा व्हॉल्व्ह तपासावा तसं. आम्ही दोघी टेबलाशी बसून तो आवाज ऐकत होतो.

बाहेर येऊन विचारलं, "किती वेळा?"

"चार."

"तू काय करत होतीस?"

मी काहीतरी म्हणू शकले असते. झोपले होते, आजारी होते. माझ्या डोक्यात तीन कारणं तयार होती, सविताताई. तिन्ही चांगली होती. लेखक ना मी.

"कथा वाचत होते," म्हटलं. "माझीच. बायकांना."

तो मारेल, ओरडेल, ताट भिरकावेल असं वाटलं होतं. त्यानं काही केलं नाही. खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "मी ताईला म्हटलं, तू आईला मारलंस. हेच शब्द होते माझे." हे तुम्ही मला कळवलं नव्हतंत. त्यानंही सांगितलं नव्हतं. मग तो रडला. त्याला असं रडताना मी आईंच्या वेळीही पाहिलं नव्हतं. किमया उठून त्याच्याजवळ गेली. मी जागेवर बसून राहिले, कारण मला जवळ जायचा हक्क नव्हता.

आज सकाळी म्हणाला, "तिकिटं काढ. दोन. माझं आणि किमयाचं."

मी दोन काढली.


५ फेब्रुवारी २०२६

सविताताई,

हे पत्र आणि आधीची न टाकलेली सगळी पत्रं तुमचा भाऊ घेऊन येतोय. पाकिटं चिकटवलेली नाहीत. त्यानं वाचली तर वाचू दे. तुमच्या हातात काय पडतंय ते त्याला ठाऊक असावं.

त्याला दारात उभं करू नका. त्यानं जे बोलू नये ते तो बोलला, पण त्याला ते मी बोलायला लावलं. त्याला आधी चहा द्या, मग काय हवं ते बोला.

संपादकांना मी पत्र लिहिलंय. कथेतल्या प्रसंगाचा कुणा नात्यातल्या व्यक्तीशी संबंध नाही, तो माझ्या स्वतःच्या हातून घडला, असं माझं नाव घालून छापा, असं कळवलंय. छापतील न छापतील. मंडळातही पाचही जणींना एकत्र बसवून सांगितलं. अनघा म्हणाली, "आम्हीही हसलो होतो गं."

मी लग्नाला येत नाही. रुसून नव्हे. त्या मांडवात लोकांनी नवरी बघावी, मला नव्हे.

गार्गीसाठी आईंचा मोत्यांचा तन्मणी किमयाच्या पर्समध्ये आहे. तो आईंनी मला दिला होता. आता गार्गीच्याच गळ्यात शोभेल.

माफ करा असं लिहिणार नाही. ते एकदा तुमच्या नावावर मागून झालंय.

उल्का


८ फेब्रुवारी २०२६

सविताताई,

हे पत्र कुठे जाणार मला माहीत नाही. घर रिकामं आहे आणि हातांना काम हवंय.

मुहूर्त तुमच्याकडचा अकरा सत्तेचाळीस, म्हणजे इथे दोन वाजून सतरा. आता दोन वाजलेत. सकाळी किमयानं एक फोटो पाठवला, बाबा फेटा बांधून घेतोय आणि मागे तुम्ही कमरेला शालूचा पदर खोचून कुणाला तरी काहीतरी सांगताय. हात कानातल्या कुडीवर. पद्माकरनं तीन दिवसांत फोन केलेला नाही. तुमचं त्याच्याशी काय बोलणं झालं, पत्रं वाचलीत का, मला काही कळलेलं नाही. किमयाला विचारलं तर लिहिते, "आस्क देम, लाह."

दोन वाजून नऊ मिनिटं. भटजी आता म्हणत असतील, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. तो उठला असेल. गार्गीचं कोपर धरून हळूहळू आणत असेल. बोटीवर चालतो तसा पाय फाकवून चालेल मेला, फोटोत वाईट दिसेल.

मी शेल्टर आवरायला काढलाय. तांदळाचा डबा स्वयंपाकघरात आणून ठेवला. ते दार उघडंच ठेवलंय, खाली वीट अडकवून.

दोन तेरा.

फोन वाजतोय. ओट्यावर आहे. मला वाटलं किमया.

किमया नाही. 'आई (रत्नागिरी)' लिहून आलंय.

तुम्हीच आहात ना? मला शिव्या द्यायला केलात, की मंगलाष्टकं ऐकवायला, ठाऊक नाही. दोन्ही चालतील.

उचलते.